आधी वाट, मग गाडी

ब्रिस्बेन, ऑस्ट्रेलिया,
22 जून

ती. बाबांस,
शि. सा. नमस्कार.

परवा फोनवर तुम्ही विचारलं, "तू तिकडं हेच काम करून राहिली ना, मग सांग, वाढत्या शहराले मेट्रो बरी का बस?" मागून दादा ओरडला की चौकातल्या मंडळींनी यवतमाळलाही मेट्रो आणून ठेवली आहे. दोन मिनिटांत सांगण्यासारखं ते नव्हतं. शिवाय दादाला बुटीबोरीकडं प्लॉट घ्यायचा आहे, ते घोडंही मेट्रोवरच अडलेलं. म्हणून सविस्तर लिहिते. आईला वाचून दाखवा, ती जांभया द्यायला लागली की आकडे गाळा.

आमच्या ऑफिसात शहराच्या वाहतुकीची आखणी करतात, पण गाडीचा विषय बराच उशिरा निघतो. आधी विचारतात, सकाळच्या ऐन गर्दीच्या एका तासात, एका दिशेनं, किती माणसं जाणार? दिवसभराची बेरीज त्यात कामाची नाही. एसटीत कंडक्टर होते तुम्ही, तुम्हाला हे वेगळं सांगायला नको. बाजाराच्या दिवशी जादा गाडी कधी सोडावी लागेल, ते तुम्ही स्टँडवर नुसती नजर फिरवून सांगायचे. एसटीत उभे धरून साठ माणसं घेतली आणि मिनिटाला एक गाडी सुटली, तर तासाला 3,600 होतात. इथली नवी लांब बस दीडशे घेते, तोच हिशेब 9,000 वर जातो. नागपूर मेट्रोची तीन डब्यांची गाडी खच्चून भरली तर नऊशेच्या घरात माणसं नेते. तीन मिनिटांनी एक सोडली की तासाला अठरा हजार. आता ज्या रस्त्यावर चार हजारच माणसं आहेत तिथं अठरा हजारांची सोय केली, तर रिकाम्या जागांचं भाडं कोण भरणार?

आणि पैसा लहान नाही. नागपूरचा पहिला टप्पा सुमारे 40 किलोमीटरचा, खर्च 8,680 कोटी. किलोमीटरला दोनशे कोटींच्या वर, तेही बहुतेक खांबांवरून. जमिनीखाली शिरलं की विचारूच नका. मुंबईची तीन नंबरची मेट्रो 33.5 किलोमीटर, खर्च 37 हजार कोटींच्या वर, म्हणजे किलोमीटरला अकराशे कोटी. मुंबईत तेवढी माणसं आहेत, तिथं तो खर्च मला पटतो. यवतमाळात नाही. केंद्राच्या 2017 च्या मेट्रो धोरणातही बस, ट्राम, मेट्रो यांची तुलना करून दाखवल्याशिवाय प्रस्ताव पुढं नेता येत नाही. आता ती तुलना किती जण मनापासून करतात आणि किती जण मेट्रो ठरवून मग कागद रंगवतात, हे तुम्ही समजून घ्या.

मग बस हे गरिबाघरचं काम का? इथलं सांगते. ब्रिस्बेनमध्ये पूर्वी ट्राम होती. 1969 साली ती बंद केली आणि रस्ता मोटारींना मोकळा करून दिला. मेलबर्ननं त्याच काळात आपले रूळ राखले. आज तिथं अडीचशे किलोमीटरच्या आसपास ट्राम धावते. ब्रिस्बेनला मात्र तीस वर्षांनी नव्यानं वाट काढावी लागली. 2000-01 मध्ये दक्षिणेच्या हायवेलगत फक्त बससाठी रस्ता बांधला. त्यावर चौक नाहीत, आडवा रस्ता आला की पूल नाहीतर बोगदा. 2006 साली विद्यापीठाजवळ नदीवर अख्खा पूल बांधला, त्यावरून बस, सायकल आणि पायी जाणारी माणसं एवढ्यांनाच वाट. मोटारीनं तिथून जायचं नाही, मग ती कोणाची का असेना.

रस्ता इतका चालला की शहराच्या तोंडाशी एकाच थांब्यावर बसगाड्यांची रांग लागायला लागली. पुढची हलेना म्हणून मागची हलेना. त्यावर उपाय म्हणून 2025 पासून 24 मीटर लांबीच्या, दोन सांध्यांच्या, विजेवरच्या बस आणल्या. नाव ठेवलं 'मेट्रो'. चाकं रबराचीच आहेत, दादाला सांगा.

त्या बसच्या थांब्यावर एकदा तुम्हाला उभं करायचं आहे मला. गाडी फलाटाला लागते, सगळी दारं एकदम उघडतात. पायरी चढायची नाही. दाराजवळच्या यंत्राला कार्ड टेकवायचं, की झालं. बाबागाडी घेतलेली आई, काठीवाला म्हातारा, सायकलचं हेल्मेट हातात धरलेला पोरगा, सगळे वेगवेगळ्या दारांनी आत. ड्रायव्हरशी बोलायचं कामच नाही. तिकीट कुठंही जा, पन्नास सेंट, आपले तीसेक रुपये. ऑगस्ट 2024 पासून हा दर आहे.

आता आपली गाडी आठवा. एकाच दारातून उतरणारे आणि चढणारे, खिडकीतून सीटवर टाकलेला दुपट्टा, तुम्ही ट्रे सावरत मागून पुढं, कोणाकडं सुटे नाहीत, कोणाला अर्धं तिकीट पाहिजे पण पोरगं सीटभर मोठं. मग डबल बेल. घाटात जेवढा वेळ जायचा नाही तेवढा एकेका थांब्यावर जायचा. ही गोष्ट जगात सगळ्यात आधी ब्राझीलच्या कुरितिबा शहरानं नीट धरली. महापौर जैमे लेर्नर, मूळचे वास्तुविशारद. 1974 मध्ये बसला स्वतंत्र रस्ता दिला, 1991 मध्ये काचेच्या नळीसारखे थांबे उभारले. तिकीट आत शिरतानाच, फलाट बसच्या उंचीचा. मेट्रोतली अर्धी चलाखी त्यांनी बसला शिकवली, रूळ न टाकता.

तुमचा पुढचा प्रश्न मला माहीत आहे : "मंग आपल्याकडं काऊन नाही जमलं?" पुण्यात 2006 ला कात्रज ते हडपसर देशातली पहिली बीआरटी, म्हणजे बसला रस्त्यात वेगळी लेन, सुरू झाली. लेन सलग नव्हती, मध्येच तुटायची, आणि जिथं होती तिथं दुचाक्या आणि रिक्षा घुसायच्या. दिल्लीनं 2008 मध्ये आंबेडकर नगर ते मूलचंद जेमतेम 5.8 किलोमीटरचा पट्टा केला. मोटारवाल्यांनी एवढा गलका केला की 2016 ला तो उखडायला घेतला. अहमदाबादनं 2009 मध्ये रस्त्याच्या मधोमध लेन आखली, थांब्यावरच तिकीट ठेवलं, जाळं वाढवत नेलं, आणि ती आजही चालते. बस तिन्हीकडं बसच होती. रस्त्याचा एक पट्टा बाकीच्यांच्या हातून काढून घ्यायचा आणि रोज राखायचा, हे जिथं केलं तिथं टिकलं. मेट्रोचं खरं बळही त्यातच आहे, माझ्या मते. खांबावर चढली की तिच्या वाटेत स्कूटर घालायला कोणाला जमत नाही. आपण दोनशे कोटी मोजतो त्यातले बरेचसे शिस्त न पाळण्याचे असतात.

अर्थात बसलाही हद्द आहे. कोलंबियातल्या बोगोटाची ट्रान्समिलेनियो 2000 सालापासून आहे. थांब्यावर मागच्या बसला पुढं काढायला जादा लेन दिल्यामुळं ती एका दिशेला तासाला चाळीस हजारांवर माणसं नेते. पण गर्दी अशी की लोक मेटाकुटीला आले, आणि आता तिथं मेट्रो बांधताहेत.

अजून एक हिशेब, जो इथले लोक करतात आणि आपल्याकडं तसाच उचलतात. इथं ड्रायव्हरचा पगार हा मोठा खर्च, म्हणून एका ड्रायव्हरमागं जितकी जास्त माणसं बसतील तितकं बरं. आपल्याकडं पगार त्या मानानं कमी. तेव्हा यवतमाळसारख्या गावाला मोठ्या गाड्या थोड्या, यापेक्षा साध्या गाड्या भरपूर आणि वक्तशीर, हे जास्त परवडतं. दहा मिनिटांनी नक्की गाडी आहे म्हटल्यावर माणूस टाइमटेबल बघत नाही, घरातून निघतो. बायांना अर्धं तिकीट 2023 ला झालं, ते फार चांगलं झालं, पण गाडीच नसेल तर अर्धं काय आणि पूर्ण काय.

आणि सगळ्यात आधी वाट राखा. आपल्या शकुंतला रेल्वेचंच बघा. यवतमाळ ते मूर्तिजापूर 113 किलोमीटर, अडीच फुटी रूळ, कापूस न्यायला इंग्रज कंपनीनं टाकलेले, 1994 पर्यंत वाफेचं इंजिन. गाडी बंद आहे, पण गावागावातून गेलेला तो सलग पट्टा हीच खरी इस्टेट आहे. तशी जमीन आज नव्यानं घ्यायला निघालं तर कोर्टकचेऱ्यांत एक पिढी जाईल. उद्या त्यावर ब्रॉडगेज येवो, नाहीतर एसटीचा वेगळा रस्ता होवो, आज त्यावर टपऱ्या आणि कुंपणं चढू दिली की दोन्ही गेलं. ग्रामसभेत मेट्रोपेक्षा हा विषय काढा. तुमचं ऐकतात लोक.

यवतमाळच्या बाबतीत माझं मत असं : आर्णी रोड, दारव्हा रोड, हे अजून रुंद करता येतात तोवर बसला लेन आखून ठेवावी. वर्धा-नांदेड रेल्वेची लाइन यवतमाळला पोचली की स्टेशनपासून स्टँडपर्यंत दर दहा मिनिटांनी बस असावी. एवढं झालं तरी पुढची वीस वर्षं निघतात.

आता दादासाठी. प्लॉटजवळ मेट्रो येणार, असं दलाल सांगतो ते अर्धं खरं आहे. नागपूर मेट्रोचा दुसरा टप्पा मंजूर आहे, 43.8 किलोमीटर, 6,708 कोटी, आणि एक फाटा खापरीच्या पुढं बुटीबोरी एमआयडीसीकडं जातो. पण "मेट्रोपासून पाच मिनिटं" हे मोटारसायकलचं आहे का पायी, ते विचार म्हणावं. मे महिन्यात दुपारी दोन वाजता स्वतः चालून बघावं. वर्धा रोडच्या पलीकडं प्लॉट असेल तर हायवे ओलांडायला पूल कुठं आहे तेही. स्टेशनपासून कंपनीच्या गेटपर्यंत बस नसेल तर मेट्रो दारात येऊनही तो गाडीच काढणार, आणि मग दलालाला मेट्रोचा भाव कशाला द्यायचा? रात्रपाळी सुटते तेव्हा शेवटची गाडी किती वाजता असेल, हेही धरून चालावं. माझं म्हणणं, घाई करू नये. वहिनीचंही तेच मत दिसलं, ती फक्त बोलत नाही.

तोवर वर्धा-कळंब गाडी आहेच, फेब्रुवारी 2024 पासून. तुम्ही अजून एकदाही बसले नाही, हे आईनं सांगितलं मला. रेल्वेवाल्यांच्या गाडीत बसायचं नाही असा एसटीचा काही नियम आहे का? कळंब स्टेशनवरच्या टाइमटेबलच्या बोर्डाचा फोटो काढून पाठवा, आणि गाडीत माणसं किती होती तेही लिहा. तुमच्या नजरेच्या मोजणीवर माझा जास्त भरवसा आहे. पेरणी उरकली का, आणि पऱ्हाटीला या वर्षी कोणतं बियाणं घेतलं, तेही कळवा.

तुमची लेक,
माया