जर्मनीला निघालेल्यांना विम्याचाही एक वर्ग हवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

महाराष्ट्र शासन आणि जर्मनीतील बाडेन-वुर्टेंबर्ग राज्य यांच्यात २०२४ मध्ये कुशल मनुष्यबळासंबंधी करार झाला. तेव्हापासून तिकडे जाऊ इच्छिणाऱ्या तरुणांच्या जर्मन भाषेच्या वर्गांविषयी मी आवर्जून वाचत असतो, कारण त्याच राज्याच्या राजधानीत, श्टुटगार्टमध्ये, मी २०१५ पासून नोकरीनिमित्त राहतो. भाषेची तयारी हवीच. परंतु येथे उतरल्यावर पहिल्या पंधरवड्यातच जो निर्णय घ्यावा लागतो आणि ज्याचे परिणाम पुढे वर्षानुवर्षे भोगावे लागतात, त्या आरोग्य विम्याबद्दल निघण्यापूर्वी कोणी चकार शब्द काढत नाही, याची मला काळजी वाटते.

पुण्याहून नवा आलेला मुलगा हमखास विचारतो, "कव्हर किती लाखांचे?" हा प्रश्न आपल्या मेडिक्लेमच्या सवयीतून येतो. तिथे विम्याची रक्कम ठरलेली असते, हप्ता वयाबरोबर चढतो आणि जुन्या आजारांसाठी प्रतीक्षा कालावधी असतो. जर्मनीत ज्याला आम्ही बोलताना 'पब्लिक' म्हणतो, त्या १८८३ पासून चालत आलेल्या सार्वजनिक आरोग्य विम्याच्या व्यवस्थेत यातले काहीच लागू होत नाही. तिथे वर्गणी वयावर किंवा आजारावर ठरत नाही, पगारावर ठरते. मूळ दर १४.६ टक्के, त्यावर प्रत्येक विमा संस्थेचा, म्हणजे 'कासे'चा, अतिरिक्त दर, जो २०२५ साठी सरासरी २.५ टक्के धरला होता; आणि या साऱ्याचा निम्मा भार मालक उचलतो. गेल्या हिवाळ्यात एक तरुण आमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर पगाराची पावती पसरून बसला होता आणि 'केव्ही' या अक्षरांपुढचे ३४२ युरो कोणी कापले, असे कळवळून विचारत होता. चार हजार युरो पगारावर त्याच्या वाट्याचा आरोग्य विमा तेवढाच होतो. खालचे 'पीव्ही' म्हणजे म्हातारपणी किंवा अपंगत्वात लागणाऱ्या शुश्रूषेचा विमा. या कपातीत त्याची बिनकमाईची पत्नी आणि मुले वेगळा पैसा न देता सामावतात, मात्र त्यासाठी कासेकडे कुटुंबाचा अर्ज भरून द्यावा लागतो, हे ऐकल्यावर त्याचा चेहरा निवळला. अर्ज अर्थातच भरलेला नव्हता.

करारातून येणाऱ्या बहुतेकांचा पगार ठरावीक मर्यादेच्या आत असेल, त्यामुळे त्यांना पब्लिक बंधनकारकच राहील; त्यांनी फक्त कासे वेळेत निवडावी, नाहीतर मालक आपल्या मर्जीने एखादीत नाव घालतो. खरी कसोटी अभियंत्यांची आणि संगणक क्षेत्रातल्यांची असते. २०२५ मध्ये ज्याचा वार्षिक पगार ७३,८०० युरोंच्या वर होता, त्याला प्रायव्हेट विमा घेण्याची मुभा होती (ही मर्यादा दरवर्षी बदलते), आणि तिशीच्या आतल्या, धडधाकट, एकट्या माणसाला प्रायव्हेटचा हप्ता स्वस्त पडतो. मी नेमका इथेच फसलो. नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात एका विमा सल्लागाराने दोन आकडे शेजारी शेजारी लिहून दाखवले, आणि मी सही केली. वर्षभराने पत्नी आली. तिचा हप्ता स्वतंत्र, शिवाय थायरॉइडची गोळी चालू असल्याने त्यावर वाढीव आकार. पुढे तिला अर्धवेळ नोकरी लागून ती पब्लिकमध्ये गेली, तेव्हा २०१८ मध्ये जन्मलेली मुलगी तरी तिच्या विम्यात मोफत बसेल असे वाटले होते. तेही झाले नाही. आईवडील विवाहित असून त्यांतला एक प्रायव्हेटमध्ये असेल, त्याचा पगार मर्यादेच्या वर आणि दुसऱ्यापेक्षा जास्त असेल, तर मुलाला मोफत विमा मिळत नाही, असा कायदाच आहे. प्रायव्हेट सोडून पब्लिकमध्ये यायचे तर पगार मर्यादेखाली यावा लागतो, आणि पंचावन्नाव्या वर्षानंतर ते दार जवळजवळ बंदच होते. २०२१ मध्ये कामाचे तास कमी करून, पगार घटवून मी पब्लिकमध्ये आलो. त्या सहा वर्षांत जे वाचले, त्याहून कितीतरी अधिक गेले.

प्रायव्हेट वाईटच, असे माझे म्हणणे नाही. तज्ज्ञ डॉक्टरांची वेळ तिथे लवकर मिळते. परंतु सही करण्याआधी लग्न, मुले आणि म्हातारपण यांचा हिशेब मांडायला हवा, आणि प्रकृतीच्या प्रश्नावलीत जुना आजार लपवू नये. लपवल्याचे उघड झाले तर विमा कंपनी करारातून अंग काढून घेऊ शकते. व्हिसासाठी घेतलेल्या स्वस्त पॉलिसीवरही कोणी विसंबू नये. ती नोकरीच्या पहिल्या दिवसापर्यंतची सोय असते, आणि बाळंतपण किंवा जुने दुखणे त्यात बहुधा बसत नाही.

आईवडिलांबद्दल एवढेच, की ते मुलाच्या जर्मन विम्यात येत नाहीत. त्यांच्या पॉलिसीत मुलगा सामील असेल आणि हप्ता तोच भरत असेल, तर निघताना ती बंद पडू देऊ नये. भारतात नव्याने पॉलिसी घ्यायची तर आधीच्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंतची प्रतीक्षा पुन्हा पहिल्यापासून सुरू होऊ शकते, आणि नेमकी तेव्हाच त्यांची साठी उलटलेली असते.

माझी शासनाला विनंती आहे की, भाषावर्गांच्या अभ्यासक्रमात यासाठी किमान दोन तासिका ठेवाव्यात. त्यांत जर्मन पगारपावतीचा नमुना, कुटुंब विम्याचा अर्ज आणि प्रायव्हेट कंपनीची प्रश्नावली ओळीओळीने मराठीत वाचून घ्यावी. आपल्या दैनिकाच्या नोकरीविषयक पुरवणीतही असे नमुने छापता येतील. ते मराठीत तयार करून देण्याची माझी तयारी आहे.

आपला,
श्टुटगार्टस्थित एक पुणेकर वाचक