योगाच्या कमाईवर जगभ्रमंती: व्हिसाचं काय?

महोदय,

आपल्या रविवारच्या पुरवणीत योगवर्ग घेत घेत स्वस्तात जग कसं फिरावं, यावरचा लेख वाचला. लेख चुरचुरीत आहे, फोटो तर फारच देखणे. त्यातला सल्ला थोडक्यात असा: ऋषिकेशला २०० तासांचा कोर्स करा, पर्यटक म्हणून बाली किंवा थायलंड गाठा, एखाद्या रिसॉर्टमध्ये सकाळ-संध्याकाळ वर्ग घ्या, बदल्यात राहणं-जेवण फुकट, कंटाळा आला की पुढचा देश. अख्ख्या पानभर लेखात व्हिसा हा शब्द एकदाच येतो, तोही 'सहज मिळतो' एवढं सांगण्यापुरता. तेवढ्यासाठी हे पत्र.

मी कराडची. लोणावळ्याच्या कैवल्यधामात, म्हणजे स्वामी कुवलयानंदांच्या योगसंस्थेत, डिप्लोमा केला, गावी काही वर्षं वर्ग चालवले आणि २०२२ साली व्हिएतनाममधल्या दानांग शहरात एका फिटनेस सेंटरमध्ये योगशिक्षिका म्हणून रुजू झाले. तिथल्या पगारातून साठवलेल्या पैशांवर पुढे लाओस, कंबोडिया आणि थायलंड मनसोक्त पाहिलं. तेव्हा योगाच्या जिवावर फिरता येतं, याबद्दल माझं दुमत नाही. पण मी आधी एका जागी ठाण मांडून रीतसर नोकरी केली आणि ती सोडल्यावर पर्यटक झाले. या दोन गोष्टींची सरमिसळ केली की ती बेकायदा ठरते. लेखात नेमकी ती सरमिसळच सुचवली आहे.

थायलंडमध्ये वर्क परमिटशिवाय काम करताना परदेशी माणूस सापडला, तर ५ हजार ते ५० हजार बाट दंड आणि वर हद्दपारी, अशी २०१८ पासून तरतूद आहे. 'मी पैसे कुठे घेतले, नुसती खोलीच तर घेतली' हा बचाव तिथे टिकत नाही. खोली आणि दोन वेळचं जेवण हाही मोबदलाच. इंडोनेशियात विमानतळावर ५ लाख रुपिया भरून ३० दिवसांचा व्हिसा मिळतो, एकदा वाढवताही येतो, पण त्यावर काम करता येत नाही. तिथल्या २०११ च्या कायद्यात व्हिसाच्या गैरवापराला ५ वर्षांपर्यंत कैद आणि ५० कोटी रुपियांपर्यंत दंड आहे. बहुतेकांना तुरुंगात न टाकता विमानात बसवून परत धाडतात, हे खरं. आपल्याकडचा नियम तरी कुठे वेगळा आहे? भारताच्या ई-टूरिस्ट व्हिसावर परदेशी पाहुण्याला अल्पमुदतीचा योगवर्ग शिकायला परवानगी आहे, नोकरी करायला नाही. गोव्याच्या किनाऱ्यावर वर्ग घेणाऱ्या गोऱ्या शिक्षकांनाही तो लागू आहे.

जर्मन पासपोर्टवाला मुलगा असा पकडला गेला, तर घरी जातो आणि काही महिन्यांनी निम्म्या जगात बिनव्हिसा उतरतो. आपल्याकडच्या मुलीला मात्र पुढे कित्येक देशांच्या अर्जात 'तुम्हाला कधी हद्दपार केलं आहे का' या प्रश्नापुढे 'होय' लिहावं लागतं. आधीच आपण युरोपच्या शेंगेन व्हिसासाठी ९० युरो, बँकेचे तपशील, परतीचं तिकीट, हॉटेलचं बुकिंग, रजेचं पत्र असा जुडगा घेऊन जातो आणि नकार आला तर पैसेही परत मिळत नाहीत. त्यात हा डाग.

दानांगला माझा पहिला वर्ग पहाटे साडेपाचला असे. मला वाटलं होतं, एवढ्या लवकर कोण येणार! पण त्या वेळी 'मी खे' नावाच्या किनाऱ्यावर निम्मं गाव पोहत असतं आणि उरलेलं व्यायाम करत असतं. वर्गात बहुतेक पन्नाशीच्या बायका, भिंतभर आरसा, माझ्या कानाला माइक. 'हित वाओ, थअ रा', म्हणजे श्वास घ्या, सोडा, हे पाठ झालं की निम्मी गाडी चालते. प्राणायामाला बसवलं की चुळबुळ सुरू व्हायची; त्यांना घाम हवा, शीर्षासन हवं आणि शीर्षासनात फोटो हवा. कुवलयानंदांच्या संस्थेत शिकलेल्या मला याचा सुरुवातीला राग यायचा. मग वर्ग संपल्यावर कुणीतरी पिशवीभर ड्रॅगन फ्रूट आणून हातात कोंबायचं आणि राग जायचा. शाकाहाराचं म्हणाल, तर तिथे माशाचा सॉस नाही असं कालवण सापडणं कठीण. पण चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी बौद्ध मंडळी शाकाहार पाळतात, त्या दिवशी गल्लोगल्ली चैन असते.

सकाळी दोन आणि संध्याकाळी तीन वर्ग, मधली दुपार रिकामी. ऐकायला मजेशीर वाटतं, पण पाचही वर्गांत आसनं करून दाखवायची म्हटल्यावर मनगटं आणि खांदे बोलू लागतात. सुट्टी फक्त रविवारी. त्या दिवशी मोपेडवर होई आन किंवा हाय व्हान घाट, इतकंच माझं पर्यटन. लांबचा प्रवास तेतच्या म्हणजे त्यांच्या नववर्षाच्या सुट्टीत, तेव्हा सेंटर बंद आणि गाड्या तुडुंब. पगार महिना ७०० डॉलर, राहायला खोली सेंटरची. निम्म्याहून जास्त शिल्लक पडत असे. करार संपल्यावर बसने लाओ बाओच्या सीमेवरून लाओसमध्ये उतरले, २०२१ च्या अखेरीस सुरू झालेल्या नव्या रेल्वेने व्हिएन्त्यानहून लुआंग प्रबांगला गेले, पाच-सहा डॉलरच्या डॉर्मिटरीत राहिले. त्या भटकंतीत कुणी वर्ग घ्यायला बोलावलं तरी गेले नाही. थायलंडमध्ये एक रिसॉर्टवाली बाई फारच मागे लागली होती. तिला म्हटलं, आधी परमिट काढा. ती हसली. विषय संपला.

दानांगची नोकरी २०० तासांच्या कोर्सच्या प्रमाणपत्रावर मिळाली नव्हती. योग अलायन्स ही अमेरिकेतली नोंदणी संस्था आहे. तिची २०० तासांची मोहर स्टुडिओवाल्यांना आवडते, पण कुठल्याही देशाचा तो परवाना नव्हे. माझ्या वर्क परमिटसाठी पदवीचं प्रमाणपत्र, अनुभवाचा दाखला, पासपोर्ट कार्यालयातून पोलीस क्लिअरन्स, त्यांवर व्हिएतनामच्या वकिलातीचे शिक्के आणि तिथे गेल्यावर वैद्यकीय तपासणी एवढं लागलं. अर्ज सेंटरने केला. इथले सोपस्कार आधी उरकायचे, मगच निघायचं, यावर मी अडून बसले, म्हणून जाणं लांबलं आणि घरचे वैतागले.

माझ्याच इमारतीत राहणारा विदर्भातला एक मुलगा एजंटाच्या शब्दावर पर्यटक व्हिसावर आला होता. 'परमिट मागाहून होईल' असं सांगून व्हिसाची मुदत संपली की त्याला दर वेळी सीमेपर्यंत जाऊन नव्या व्हिसावर परत यायला लावत. त्याचा स्टुडिओ एका रात्रीत बंद पडला, पगार थकला. तक्रार करावी तर आपणच बेकायदा, मग करणार कुणाकडे? आम्ही चार-पाच भारतीय शिक्षकांनी वर्गणी काढून त्याचं तिकीट केलं. खरं तर परदेशी नोकरी लावून देणाऱ्या एजंटाकडे सरकारी परवाना असावा लागतो, तो ई-मायग्रेट पोर्टलवर तपासता येतो, आणि त्याला उमेदवाराकडून जास्तीत जास्त ३० हजार रुपये आणि जीएसटी इतकीच फी घेता येते. त्या मुलाने याच्या कितीतरी पट मोजले होते.

आपल्या लेखात सरकारी वाटेचाही उल्लेख नाही. भारतीय सांस्कृतिक संबंध परिषद परदेशातल्या आपल्या सांस्कृतिक केंद्रांवर योगशिक्षक पाठवते, पगारी आणि रीतसर. आयुष मंत्रालयाच्या योग सर्टिफिकेशन बोर्डाच्या परीक्षा आहेत. या वाटेने फोटो तितके झकास येत नसतील.

तेव्हा विनंती अशी, की असा लेख पुन्हा छापाल तेव्हा शेजारी एक चौकट द्यावी: कोणत्या देशात योग शिकवायला कोणता व्हिसा लागतो, परमिट कोण काढतं, खर्च कुणाचा. आणि लेखकाने बालीत वर्ग घेतले ते नेमके कोणत्या व्हिसावर, हेही त्याच चौकटीत यावं.

– एक योगशिक्षिका, कराड