लॅबमधल्या काकांना, जाहीर थँक्यू

काका, नमस्कार. फोनवर आभार मानायला गेलं की तुम्ही "अगं त्यात काय एवढं" म्हणून विषयच बदलता, म्हणून आता सगळ्यांसमोरच लिहिते.

कोळशापासून तेल हा प्रोजेक्ट घेतला तेव्हा घरी सगळे हसले होते, बडोद्याला लागूनच कोयलीची रिफायनरी असताना कोळसा कशाला पिळतेस म्हणे! माझ्याकडे कोळशातला ओलावा, राख, व्होलाटाइल (तापवल्यावर वाफ होऊन उडतो तो भाग) आणि कॅलरीचे आकडे होते, तुम्ही कागद बघितलात आणि म्हणालात, हे बॉयलरवाल्याला पुरेल, तेलवाल्याला नाही, हायड्रोजन कुठंय? क्रूडमध्ये, म्हणजे कच्च्या तेलात, एका कार्बनमागे जवळजवळ दोन हायड्रोजन असतात, कोळशात एकसुद्धा धड नसतो, उरलेला बाहेरून प्रेशरने घालायचा आणि खरा खर्च तिथेच.

मग ती पॉलिशिंगची शिकवणी. मायक्रोस्कोपखाली बघायला कोळशाचा चुरा रेझिनमध्ये बसवून गोळी करायची, घासत घासत आरशासारखी चकाकेपर्यंत, एक ओरखडा दिसला की तुम्ही मान हलवणार आणि मी परत मशीनवर. पण तुम्ही खोलीतला दिवा घालवून निळा लाइट लावलात आणि गुजरातेतल्याच राजपारडीच्या लिग्नाइटमधले (म्हणजे कच्च्या तपकिरी कोळशातले) राळेचे कण पिवळेधमक चमकले ना, ते कुठल्या पुस्तकाने नसतं दाखवलं. तेल द्यायला तयार असलेला माल तोच. तरी लगेच बजावलंत, हुरळू नको, लिग्नाइटमध्ये पाणी भरपूर आणि ऑक्सिजनही, तो तुझा महागडा हायड्रोजन खाऊन पाणी बनून जाणार.

गोंडवनाच्या, म्हणजे भारतातल्या जुन्या दगडी कोळशाच्या सॅम्पलमध्ये मात्र मायक्रोस्कोपखाली पांढरं दिसणारं इनर्टिनाइटच (कोळशातला निष्क्रिय भाग) जास्त, ते हायड्रोजनला दाद देत नाही, राख तर विचारूच नका. मी तो नापास लिहिणार तेवढ्यात तुम्ही म्हणालात, आधी वाट ठरव. साउथ आफ्रिकेत सासोल ही कंपनी 1955 पासून असल्याच राखवाल्या गोंडवना कोळशाचा आधी गॅस करतं आणि मग त्या गॅसचं तेल. तिथे बघायचं ते राख किती डिग्रीला वितळते आणि कोळसा चिकटतो का. माझ्या रिपोर्टमध्ये थेट हायड्रोजन घालायच्या वाटेचा एक आणि गॅसच्या वाटेचा एक असे दोन वेगळे निकाल आहेत ते या एका वाक्यामुळे, आणि व्हायवात सगळ्यात जास्त प्रश्न त्याच पानावर आले.

आता एक काम आहे. नवीन ज्युनियर आलेत आणि पॉलिशिंग मशीनचा पट्टा परत सरकतोय, तुमच्याशिवाय कुणाचं ऐकत नाही तो. शनिवारी या ना, रावपुऱ्यातून न्यायला मी गाडी घेऊन येते.