मँचेस्टरहून परतल्यावर लेकीला

अमळनेर

चि. बेटा,
अनेक आशीर्वाद.

फोनवर विचारलंस, ‘आई, तुला इथलं काय आवडलं?’ तेव्हा घरात बाया बसल्या होत्या, म्हणून ‘सगळंच’ म्हणून मी मोकळी झाले. सगळं कुठलं! तुमच्याकडच्या वांग्याचं भरीत होत नाही, नुसतं पाणी सुटतं. पण मँचेस्टरजवळच्या स्टायलची ती जुनी कापडगिरणी, क्वारी बँक मिल, डोक्यातून जात नाही.

तुझ्यासाठी ती रविवारी बघायची जागा. मी प्रताप मिलच्या भोंग्यावर वाढलेली, माझे नाना तिथं साच्यावर, म्हणजे कापड विणायच्या मागावर, कामाला. तिथं माहिती सांगणाऱ्या बाईंनी साचा चालू केला, पायाखालची फळी थरथरली, तू कानांवर हात ठेवलेस. मग त्या सांगायला लागल्या, इथल्या विणकर बाया त्या गोंगाटात एकमेकींच्या ओठांवरून बोलणं ओळखायच्या, आणि पुढे पुढे बहिऱ्या व्हायच्या. तू मराठीत सांगायच्या आधीच मला ते त्यांच्या हातवाऱ्यांवरून कळलं होतं. नाना घरात ओरडून बोलायचे, आणि आपण बोललो की डोळ्यांत न बघता तोंडाकडे बघायचे, आठवतं? आजी म्हणायची, ‘यास्ना कान मिलमाच ऱ्हायनात.’

साचा थांबल्यावर मी सूत मागितलं, तेव्हा तू मागून ‘आई, चल ना’ करत होतीस. दोन टोकं डाव्या अंगठ्यावर एकमेकांवर ठेवायची, एक मागून फिरवून आणायचं, दुसरं त्या फासात सारायचं आणि ओढायचं. नानांनी शिकवलेली गाठ. त्या बाईंनी स्वतःची मारून दाखवली. तीच! मग आम्ही दोघी हसत बसलो आणि तुला पार्किंगची घाई.

तुझे पप्पा निघतानाच म्हणाले होते, गोऱ्यांनी आपला कापूस नेला, कापड आपल्यालाच विकलं, त्यांची मिल कशाला बघायची? ते खोटं नाही. १८६१ साली अमेरिकेत यादवी सुरू झाली, गुलामांनी पिकवलेला तिकडचा कापूस यायचा थांबला, तेव्हा तुमच्याकडच्या लँकेशायरच्या गिरण्यांना खानदेश-वऱ्हाड आठवला. भाव कडाडले, भुसावळपर्यंत रेल्वे आली, जळगावची बाजारपेठ त्याच काळात वर आली. १८६५ ला लढाई संपली आणि भाव कोसळले. आपला कापूस आखूड धाग्याचा, साच्यावर सारखा तुटायचा. तिथले विणकर त्याला शिव्या द्यायचे, कारण मजुरी विणलेल्या कापडावर. पण शिव्या देत गाठी मारणारा विणकर काही मालक नव्हता. आणि १७८४ च्या त्या मिलमध्ये तर अनाथ-गरिबांची नऊ-दहा वर्षांची पोरं राबली. मालकाच्या घराण्याचा वेस्ट इंडीजमध्ये गुलामांचा मळाही होता. पप्पांना हे सगळं सांगितलं. ते ‘हं’ म्हणाले, म्हणजे पटलं.

आता तुझं. शनिवारी मराठी मंडळी जमता, गणपती बसवता, चांगलंच आहे. पण भिंतीपलीकडच्या आजीबाईंशी तुझं बोलणं कचऱ्याच्या डब्यापुरतंच. त्यांनी मला परसातली रुबार्ब दिली, तेव्हा आमच्यात भाषा कुठली होती? त्यांनी पानं कापून टाकली आणि स्वतःच्या गळ्यावर हात ठेवून जीभ बाहेर काढली. विषारी, समजलं. देठ चांगलाच आंबट. मी अंबाडीसारखा शिजवून डाळीत घातला, वर लसूण-मिरचीची फोडणी. वाटी नेऊन दिली तर बाईंनी डोळे पुसत पुसत संपवली, आणि दुसऱ्या दिवशी रिकामी वाटी न देता केक घालून दिली. आपल्याकडेही रिकामं भांडं कोण परत देतं?

तुझ्या मैत्रिणीची आई आखाजीच्या सणानंतर येतेय, तिच्याबरोबर ज्वारीच्या बिबड्या पाठवते. अर्ध्या पलीकडे दे. तिखट आहेत, आधी सांग. तळायच्या नसतील तर भाजल्या तरी चालतात, फक्त धूर झाला की ओरडतं ना तुमच्याकडचं यंत्र, त्याच्याखाली नको.

तुझी,
आई