काढायचं तर मुळापासून काढा

मा. संपादक, स.न.वि.वि.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत जुन्या गाड्यांवर लेख आला होता, फोटो झकास होते, पण त्यात वापरात नसलेलं सगळं काढून टाका म्हणजे बॉनेटखाली मोकळं दिसतं असं एका ओळीत उडवून दिलंय, ते काही पटलं नाही. परदेशातून आलेले जुने पिकअप ट्रक सांभाळणारे काही हौशी लोक आपल्याकडे आहेत आणि त्यांचा पहिला राग निघतो तो बंद पडलेल्या क्रूझ कंट्रोलवर, म्हणजे अॅक्सिलेटरवर पाय न ठेवता गाडी एकाच वेगात ठेवणाऱ्या यंत्रणेवर. साहजिक आहे म्हणा, पुण्यात चांदणी चौकातून कोथरूडला येईपर्यंत गाडी सेकंडच्या वर जात नाही, तिथे क्रूझ लावणार कुठे!

काढायला माझी ना नाही, अर्धवट काढायला आहे. जुन्या क्रूझचा डबा व्हॅक्यूमवर, म्हणजे इंजिनाकडून पाइपातून येणाऱ्या हवेच्या ओढीवर चालतो, आत रबरी पडदा असतो, तो केबलने किंवा मण्यांच्या साखळीने अॅक्सिलेटर ओढतो. लोक डबा खोलतात आणि पाइप तसाच लोंबकळत सोडतात, मग हवा आत शिरते, आयडल (उभ्या गाडीत इंजिनाचा वेग) वरखाली होतं आणि मालक कार्ब्युरेटर साफ करत बसतो. एक पाइप ब्रेक पेडलजवळच्या व्हॉल्व्हकडे जातो, तो तर कुणाला दिसतच नाही. डिझेल गाडीत हे जास्त वाईट, कारण तिथे व्हॅक्यूम पंपातून येतो आणि बऱ्याच हलक्या गाड्यांत ब्रेक हलक्या पायाने लागावा म्हणून असलेला बूस्टरही त्याच पंपावर असतो, म्हणजे इथे गळती झाली की पेडल दगडासारखं. अशी गाडी घेऊन कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडे उतरायचं का, ते ज्याचं त्याने ठरवावं. पाइपाच्या इंजिनकडच्या तोंडावर रबरी टोपी घट्ट बसवायची, नाना पेठेत चिल्लर पैशात मिळते. मण्यांची साखळीसुद्धा पूर्ण काढायची, अर्धी राहिली की रेस अडकते.

वायरिंगचं तर विचारूच नका. फोर्डच्या कितीतरी जुन्या मॉडेलमध्ये क्रूझ बंद करणारा स्विच थेट ब्रेकच्या मास्टर सिलिंडरवर (पेडल दाबलं की ब्रेक ऑइल ढकलणारा भाग) असायचा आणि चावी काढली तरी त्यात करंट असायचा. आतला पातळ पडदा फाटला की ब्रेक ऑइल करंटच्या बाजूला झिरपायचं आणि उभ्या गाडीला आग. 1999 ते 2009 या काळात कंपनीने याच कारणासाठी 1 कोटीहून जास्त गाड्या परत बोलावल्या. तर असा स्विच असेल तर आधी त्याचा कनेक्टर काढा, पण स्विच स्वतः पिळून काढू नका, ब्रेकची लाइन उघडी पडते, मग तिथे बूच लावून पूर्ण हवा काढावी लागते. आणि स्टिअरिंगवरच्या बटणांना हात लावण्याआधी बॅटरी सोडा, शेजारीच एअरबॅग असते.

काही गाड्यांत स्पीडोमीटरची केबलच क्रूझच्या सेन्सरमधून जाते. सेन्सर काढला की काटा मेला, एक सलग केबल शोधत फिरा. त्यापेक्षा तो तिथेच राहू दे, खातोय काय तो!

हे क्रूझ कंट्रोल शोधणारे राल्फ टीटर लहानपणापासून आंधळे होते, 1950 ला पेटंट मिळालं. त्यांनी बोटांनी चाचपडून केलेलं काम आपण डोळे उघडे ठेवून धड खोलू शकत नाही, कमाल आहे.

पुढच्या पुरवणीत चकाचक इंजिनाऐवजी टोपी लावून बंद केलेल्या पाइपाच्या तोंडाचा एक फोटो छापा, मोठ्ठा.

आपला,
एक वाचक, भोसरी