कव्हरच्या आतली माणसं पण दाखवा की

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला ग्लॉसी मासिकांच्या संपादकांवरचा लेख वाचला. फोटो झक्कास, पण अख्खा मजकूर पार्ट्या, कपडे आणि ऑफिसातल्या भांडणांवरच खर्ची पडलाय, संपादक लेखकासोबत नक्की करतो काय हे शेवटपर्यंत कळतच नाही. व्हॅनिटी फेअर या अमेरिकन मासिकाचं नाव तुम्हीच घेतलंय म्हणून तिथलंच सांगतो.

1918 मध्ये तिथे नाटकांची परीक्षणं लिहायला डोरोथी पार्कर लागली, वुडहाऊस सुट्टीवर गेला म्हणून त्याच्या जागी (हो तोच, जीव्हजच्या गोष्टी लिहिणारा विनोदी लेखक). बाई तिखट लिहायची. पण झिगफेल्ड हा ब्रॉडवेचा बडा निर्माता, त्यात मासिकाचा जाहिरातदार, आणि हिने त्याच्याच बायकोच्या अभिनयाची खिल्ली उडवली, मग काय, तक्रारी सुरू. संपादक क्राउनिनशील्ड म्हणजे एकदम सभ्य, रसिक माणूस, पिकासो-मातीसची चित्रं मासिकात आणणारा, पण जानेवारी 1920 मध्ये त्यानेच तिला प्लाझा हॉटेलात बोलावून नोकरीवरून काढलं. एवढी रसिकता असून जाहिरातदारापुढे मान तुकवलीच ना!

मला यात भारी वाटतो तो मॅनेजिंग एडिटर रॉबर्ट बेंचली. घरी दोन लहान पोरं, तरी सहकारी बाईला असं काढलं म्हणून पठ्ठ्याने राजीनामा ठोकला. रॉबर्ट शेरवूडही बाहेर पडला, ज्याला पुढे लेखनासाठी चार पुलित्झर पुरस्कार मिळाले. पार्कर आणि बेंचलीने मग एक इवलंसं ऑफिस भाड्याने घेतलं आणि फ्रीलान्सिंग करत बसले. म्हणजे एका जाहिरातदाराला खूश ठेवायच्या नादात मासिकाने तिघं घालवली, हा हिशोब कोण करणार?

आता उलटं उदाहरण. हे मासिक 1936 मध्ये व्होग या फॅशन मासिकात विलीन झालं, 1983 मध्ये परत निघालं, वर्षभरातच दोन संपादक बदलले आणि 1984 मध्ये टीना ब्राउन संपादक म्हणून आली. तुमचा लेख तिने काढलेल्या, गरोदर अभिनेत्री डेमी मूरच्या कव्हरवरच अडकलाय. त्याआधीचं बघा ना, डॉमिनिक डन नावाचा हॉलिवूडचा निर्माता, करिअर संपलेलं, मुलीचा खून झालेला आणि खटला उभा राहणार होता. पत्रकारितेचा अनुभव शून्य. ब्राउनने संपादक व्हायच्या आधीच त्याला सांगितलं, कोर्टात जाशील तेव्हा डायरी लिही. ती मार्च 1984 च्या अंकात आली आणि पुढची कित्येक वर्षं तो गाजलेल्या खटल्यांवर तिथेच लिहीत राहिला. कुणाच्या हातून काय लिहून होईल हे त्या माणसाच्या आधी ओळखणं, संपादकाचं काम म्हणतात ते हेच, बाकी कव्हरसाठी स्टार कुणीही गाठून आणेल.

आणि हो, फॅक्ट चेकर लोकांवर लेखात एक ओळ पण नाही! लेखकाने ज्यांचं म्हणणं छापायला घेतलंय त्यांना परत फोन लावायचा, नाव, तारीख, शर्टाचा रंगसुद्धा विचारायचा, लेखकाच्या आणि संपादकाच्याही शिव्या खायच्या, आणि एवढं करून लेखावर नाव (बायलाइन) दुसऱ्याचंच. पुढचा भाग काढणार असाल तर आधी त्यांना गाठा, पार्टीत कोण कुणाशेजारी बसलं त्यापेक्षा भन्नाट किस्से निघतील.

आपला,
एक जुना वाचक