मेलेलं गिधाड पुरण्याआधी तपासा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात आपल्या दैनिकाच्या जिल्हा पानावर एका मृत गिधाडाची चार ओळींची बातमी आली होती. गिधाड शेताच्या बांधावर मरून पडलेलं दिसलं, पंचनामा झाला, वयोमानामुळे मृत्यू झाला असावा असा अंदाज व्यक्त झाला आणि पक्षी तिथेच पुरला गेला. शवविच्छेदनाचा उल्लेख नव्हता. मी नाशिक जिल्ह्याच्या पश्चिम पट्ट्यात जनावरांची डॉक्टर आहे. ओळखीच्यांकडे चौकशी केली, तर शवविच्छेदन झालंच नव्हतं. या एका गोष्टीबद्दल मला कळकळीने लिहावंसं वाटतं.

आमच्या भागात गिधाडं अजून आहेत, ही मोठीच गोष्ट आहे. अंजनेरीच्या कड्यावर लांब चोचीच्या गिधाडांची घरटी आहेत. पायथ्याशी उभं राहून पाहिलं की कातळावर विष्ठेचे पांढरे ओघळ दिसतात. ओघळ ताजे असले की तिथलं घरटं नांदतं आहे असं समजायचं. हरसूलजवळ खोरीपाड्याला गिधाडांसाठी मेलेली जनावरं ठेवली जातात आणि तिथे ती उतरतात. पण हा पक्षी वर्षाला एकच अंडं घालतो आणि पिल्लू विणीच्या वयाला यायला पाच वर्षं लागतात. अशा पक्ष्यातला एक मोठा नर किंवा मादी गेली, तर ती का गेली हे कळलंच पाहिजे.

गिधाडं कशामुळे संपत आली, हे आपल्याला समजलं तेच मुळी मेलेली गिधाडं कुणीतरी उघडून पाहिली म्हणून. राजस्थानात भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे डॉ. विभू प्रकाश गिधाडांच्या घरट्यांची मोजदाद करत होते. १९८७-८८ साली त्यांना पांढऱ्या पुठ्ठ्याच्या गिधाडांची ३५३ घरटी मिळाली होती. १९९६-९७ मध्ये ती १५० वर आली आणि त्यानंतर काही वर्षांत तिथे एकही उरलं नाही. सोसायटीने १९९१ ते १९९३ या काळात देशभर जीपने फिरून शिकारी पक्ष्यांची मोजणी केली होती. २००० साली त्याच वाटांनी पुन्हा फिरल्यावर गिधाडं नव्वद टक्क्यांहून जास्त घटलेली दिसली. पहिली मोजणी कुणी केलीच नसती, तर 'पूर्वी पुष्कळ असायची हो' एवढंच आपण म्हणत बसलो असतो.

किती गेली ते मोजणीतून कळलं, पण का गेली ते कळेना. मान खाली घालून झाडावर तासन्‌तास बसलेली गिधाडं दिसायची आणि मग ती खाली पडायची. कुणी म्हणे विषाणू, कुणी म्हणे कीटकनाशक, कुणी म्हणे खायला कमी पडत असेल. साथीच्या रोगाचा संशय सगळ्यांत दाट होता आणि बराच काळ शोध त्याच दिशेने चालू होता.

उत्तर मिळालं पाकिस्तानातल्या पंजाबात. लिंडसे ओक्स नावाचे अमेरिकन पशुवैद्यक आणि शिकारी पक्ष्यांसाठी काम करणाऱ्या पेरेग्रीन फंड या संस्थेचे सहकारी तिथे चांगा मांगा, तोआवाला अशा ठिकाणच्या वसाहतींत मेलेली गिधाडं गोळा करत होते. पोट उघडलं की पुष्कळ गिधाडांच्या आत एकच चित्र दिसायचं. हृदयावर, यकृतावर, आतल्या पडद्यांवर खडूची पूड भुरभुरावी तसा पांढरा थर. तो युरिक अ‍ॅसिडचा. मूत्रपिंडं निकामी झाली की पक्ष्याच्या शरीरातून युरिक अ‍ॅसिड बाहेर पडत नाही, ते रक्तात साठतं आणि शेवटी अवयवांवर त्याचे स्फटिक बसतात. कोंबड्यांत हा प्रकार आम्ही पशुवैद्यक पाहतो, त्यामुळे नुसत्या डोळ्यांनीही तो ओळखता येतो. पण मूत्रपिंडं कशाने गेली, हे नुसत्या डोळ्यांनी कळत नाही.

इथून पुढचा भाग मला सगळ्यांत मोलाचा वाटतो. विषाणू सापडेना, कीटकनाशक सापडेना, जड धातू सापडेनात. तेव्हा या मंडळींनी जनावरांचे डॉक्टर आणि औषधांचे दुकानदार गाठले आणि विचारलं, गाईम्हशींना तुम्ही हल्ली काय देता? मूत्रपिंडाला घातक ठरू शकेल आणि मांसातून गिधाडाच्या पोटात जाईल असं काय विकलं जातं? उत्तर आलं, डायक्लोफिनॅक. सूज, ताप, दुखणं यांवरची स्वस्त सुई. मग जपून ठेवलेल्या ऊतींची तपासणी झाली. मूत्रपिंडं निकामी होऊन मेलेल्या २५ गिधाडांपैकी २५ जणांत हे औषध सापडलं. दुसऱ्या कारणांनी मेलेल्या १३ गिधाडांत ते एकातही नव्हतं. औषध दिलेल्या जनावराचं मांस बंदिस्त गिधाडांना घातलं, तर त्यांतलीही बरीच तशीच मेली. २००४ च्या सुरुवातीला 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात हे प्रसिद्ध झालं. रानातली मोजणी, शवविच्छेदनाचं टेबल, रसायनशाळा आणि औषधाचं दुकान या चार जागा जोडल्या गेल्या तेव्हा कुठे छडा लागला. यातली एक जागा जरी गळली असती, तरी बहुधा आपण अजून विषाणूच शोधत असतो. आणि त्यातलं शवविच्छेदनाचं टेबल आपण आजही इतक्या सहज गाळतो, याचं मला फार वाईट वाटतं.

हे जुनं झालं, आता बंदी आहे, असं मला अनेक जण सांगतात. बंदी आहे हे खरं. जनावरांसाठीचं डायक्लोफिनॅक भारताने २००६ साली बंद केलं. त्यानंतर माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या जनावरांसाठी वापरल्या जाऊ लागल्या, म्हणून २०१५ साली माणसांची सुईही ३ मिलीच्या एकाच मात्रेपुरती ठेवली. पण एका मोठ्या गाईला अशा पाच-सहा फोडल्या की काम भागतं आणि मनात आणलं तर त्या मिळतातही. अ‍ॅसिक्लोफिनॅक या दुसऱ्या वेदनाशामकाची तर गंमतच वेगळी. गाईच्या शरीरात गेल्यावर त्याचं डायक्लोफिनॅकच बनतं, म्हणजे एका दाराने हाकललेलं दुसऱ्या दाराने आत. ते आणि किटोप्रोफेन हे आणखी एक वेदनाशामक जनावरांसाठी २०२३ साली बंद झालं. निमेसुलाइड या अशाच औषधाचे अंश मेलेल्या गिधाडांत सापडले आणि डिसेंबर २०२४ मध्ये जनावरांसाठी तेही बंद झालं. पहिली बंदी ते ही शेवटची, मध्ये अठरा वर्षं गेली. अनेकदा क्रम तोच. औषध आधी बाजारात येतं, गिधाडं मरतात, कुणीतरी ती उघडतं आणि मग फाईल हलते. मेलॉक्सिकॅम आणि टोल्फेनॅमिक अ‍ॅसिड ही दोन औषधं मात्र गिधाडांवर आधी तपासून सुरक्षित ठरवली गेली. जनावरांना द्यायचं कुठलंही नवं वेदनाशामक बाजारात येण्यापूर्वी याच चाचणीतून गेलं पाहिजे, असं माझं ठाम मत आहे.

आकड्यांचं एक सांगते, कारण त्यावरून शवविच्छेदनाचा आग्रह का, ते कळेल. गिधाडं ज्या वेगाने घटली, त्या वेगासाठी विषारी मांसाची किती जनावरं लागली असतील, याचं गणित शास्त्रज्ञांनी मांडलं. उत्तर आलं, शंभरात एकाहूनही कमी. कारण एका बैलावर डझनावारी गिधाडं एकाच वेळी बसतात. प्रत्यक्षात २००४-०५ मध्ये बारा राज्यांतल्या १,८४८ मेलेल्या जनावरांच्या यकृताचे तुकडे तपासले, तेव्हा दहा टक्क्यांत औषध सापडलं. बंदीनंतर हे प्रमाण खाली आलं, पण शून्य झालं नाही. आणि शंभरात एक जरी उरलं, तरी गिधाडांना ते पुरेसं आहे.

यातली खरी गोम आम्हा डॉक्टरांना चांगली ठाऊक आहे. सुई दिल्यावर बरी झालेली गाय गिधाडापर्यंत जातच नाही. जी गाय दोन दिवस आजारी होती, जिला घरधन्याने जीव तोडून औषधं केली आणि तरी जी गेली, तीच माळावर टाकली जाते. म्हणजे सुईचा अंश अंगात असलेली जनावरंच गिधाडाच्या ताटात नेमकी जास्त येतात. शेतकऱ्याची यात काहीच चूक नाही. दगडी (कासेची सूज) झालेली म्हैस कास हातात धरू देत नाही, रात्रभर घरातलं कुणी झोपत नाही, तेव्हा तो मला म्हणतो, 'ताई, काहीतरी जोरदार टोचा.' मी मेलॉक्सिकॅम देते. त्याने उतार पडतो. पण दुकानातून परस्पर कुणी काय आणून टोचलं असेल, ते मला कळायचा मार्ग नाही. तो मार्ग मेलेल्या जनावराच्या यकृतातून आणि मेलेल्या गिधाडाच्या मूत्रपिंडातून जातो.

आता पुरलेल्या त्या गिधाडाकडे येते. ते खरंच म्हातारं असेल. विजेच्या तारेला चिकटलं असेल. बिबट्यासाठी किंवा कुत्र्यांसाठी विष घातलेलं मांस त्याने खाल्लं असेल. किंवा त्याच्या पोटात बंदी असलेलं औषध असेल. म्हातारपणावर उपाय नाही, पण बाकीच्या तिन्हींवर तीन वेगळे उपाय आहेत. तार असेल तर वीज कंपनीला खांब बदलायला सांगायचं, विष असेल तर पोलिसात जायचं, औषध असेल तर दुकानं तपासायची. नुसत्या पंचनाम्यावरून यातलं काय करायचं?

आणि हे फार खर्चाचं काम नाही. गिधाड सापडल्यावर काही तासांत शवविच्छेदन हवं, कारण आमच्याकडच्या उन्हात मूत्रपिंडं सगळ्यांत आधी विरघळायला लागतात आणि दुसऱ्या दिवशी त्यांत बघण्यासारखं काही उरत नाही. यकृत आणि मूत्रपिंडाचा एकेक तुकडा फॉर्मेलिन या ऊती टिकवणाऱ्या द्रवात घालायचा, तो सूक्ष्मदर्शकाखाली पाहायला. मूत्रपिंडाचा आणखी एक तुकडा अल्कोहोलमध्ये, कारण फॉर्मेलिनच्या पाण्यात युरिक अ‍ॅसिडचे स्फटिक विरघळून जातात. आणि एकेक तुकडा काहीही न लावता, स्वच्छ पिशवीत, बर्फात, कारण औषधाचा अंश शोधायचा तो त्यातून. बर्फाची पेटी तर प्रत्येक पशुवैद्यकीय दवाखान्यात असते, लाळ्या-खुरकुताची लस आम्ही त्यातूनच वाडीवस्तीवर नेतो. पुढची तपासणी मोठ्या प्रयोगशाळेचं काम आहे. बरेलीची भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्था आणि कोईमतूरची सालिम अली संस्था यांनी गिधाडांच्या आणि या औषधांच्या प्रश्नावर काम केलेलं आहे. म्हणजे ज्ञान देशात आहे. बांधापासून प्रयोगशाळेपर्यंतची साखळी तेवढी जुळायची आहे.

गिधाड हा वन्यजीव कायद्याच्या पहिल्या, म्हणजे सर्वाधिक संरक्षणाच्या, अनुसूचीतला पक्षी आहे. माझ्यासारखी खासगी डॉक्टर त्याला परवानगीशिवाय हातही लावू शकत नाही आणि ते योग्यच आहे. म्हणून शासनाला माझी विनंती आहे की, गिधाडं असलेल्या प्रत्येक तालुक्यात एका सरकारी पशुवैद्यकाचं नाव आधीच ठरवून, लेखी आदेशाने त्याला शवविच्छेदनाचा अधिकार द्यावा आणि तो फोन क्रमांक वनरक्षक व पोलीस पाटलांकडे असावा. नमुने कुठे पाठवायचे, अहवाल किती दिवसांत यायचा, हेही त्याच आदेशात लिहावं. अहवाल आला की तो लोकांना कळावा. आपल्या वार्ताहरांनाही सांगावंसं वाटतं की, अशी बातमी देताना शवविच्छेदन झालं का आणि नमुने कुठे गेले, हे दोन प्रश्न जरूर विचारावेत. विचारणारं कुणी आहे हे कळलं, तरी पुष्कळ फरक पडतो.

खोरीपाड्यासारख्या ठिकाणी जनावर आणून देणाऱ्या शेतकऱ्याकडून एक साधी चिठ्ठी भरून घेता येईल. जनावर किती दिवस आजारी होतं, शेवटच्या आठवड्यात कुठली सुई दिली, कुणी दिली. त्याला गुन्हेगारासारखं विचारू नये, नाहीतर पुढच्या वेळी तो जनावर पुरून मोकळा होईल. संशय आला तर ते जनावर बाजूला ठेवावं आणि यकृताचा तुकडा तपासायला पाठवावा. माझ्याकडे येणाऱ्या जनावरांच्या केसपेपरवर मी औषधाचं नाव आणि तारीख मोठ्या अक्षरात लिहिते आणि जनावर दगावलं तर तो कागद सोबत द्यायला सांगते. तालुक्यातले इतर डॉक्टर आणि पशुधन पर्यवेक्षक तयार असतील, तर सगळ्यांसाठी एकच छापील चिठ्ठी करून घ्यायला मी तयार आहे. छपाईचा खर्चही मी करीन.

आपली नम्र,
एक पशुवैद्यक
(जि. नाशिक)